दिव्यांचं निमित्त

प्रिय केदार,

तुझ्या गाडीचे दिवे मी फोडलेले नाहीत. तात्यांनी फोनवर काय सांगितलं असेल ते असो, तुझे वडील राईचा पर्वत करण्यात पटाईत आहेत. मी फक्त घासले.

दिवे पिवळे पडलेत, रात्री केळव्याला घरी यायचा रस्ता दिसत नाही, म्हणून कंपनीतली पाळी सुटली की तू सालवडला मित्राच्या खोलीवर राहतोस. पटलं मला. आधी एखादी रात्र, मग आठवडा, आणि आता तर गाडीही इथेच ठेवून गेलास. म्हटलं, एवढंच ना? मग दिवेच साफ करू.

काल दुपारी अंगणात दिवे घासत बसले. वाडीत सगळं निजलेलं, चिकूखाली कोंबड्यासुद्धा. भिजवलेला पॉलिश पेपर फिरवत होते नि पिवळं पाणी ओघळत होतं. मासवणच्या रस्त्यावरची ती संध्याकाळ आठवली, लग्नानंतरची. काजवे दाखवायला तू दिवे मालवलेस, आणि मग किती तरी वेळ लावलेच नाहीस. भानावर आले तर घासून घासून दोन्ही दिवे दुधासारखे पांढरे! तात्या ओरडले, पार वाट लावलीस, आता तर कायच दिसत नाय. मला रडूच आलं. पण बोईसरच्या दुकानदाराने बजावलं होतं, आधी जास्त बिघडल्यासारखं वाटेल, थांबू नका, आणखी बारीक पेपर घ्या. घेतला. वरून पॉलिश लावून पुसलं, तर आतला बल्ब लख्ख दिसला.

तिन्हीसांजेला तात्या गाडी घेऊन एक फेरी मारायला गेले. तुला माहीत नसेल, तू वळणावरून आत वळलास की उजेड खिडकीतून येतो आणि मांडणीवरच्या भांड्यांवरून सरकत जातो. त्यावरून मला कळतं, तू आलास. मग मी भाकरी टाकते. कालही तो उजेड आला, एकेक तांब्या उजळत. माझा हात आपोआप पिठात गेला. वेडी कुठली! भाकरी टम्म फुगली आणि दारात तात्या उभे. ती त्यांनीच खाल्ली.

उद्या तात्याच गाडी तुझ्या खोलीपाशी आणून लावतील, किल्लीसोबत ही चिठ्ठी देतील. दिवे पुन्हा पिवळे पडू नयेत म्हणून वरून कोटिंगही मारलंय. आता रस्ता दिसतो, केदार. मला तू घरी हवा आहेस. तुलाच यायचं नसेल तर तसं सरळ सांग, दिव्यांवर ढकलू नकोस. तवा मी ठेवतेच आहे.

तुझीच, अजून तरी,
मेघाली