साध्या मोटरीला विमानाचं पेट्रोल

मुक्काम नळदुर्ग,
संक्रांतीनंतरचा सोमवार, सन १९४६

तीर्थरूप गुरुसिद्धप्पा दाजी यांच्या पायाशी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे महालिंगप्पाचा, शरणार्थ. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. इरम्मेची कंबर थंडीनं धरली होती, ती आता सुटली. लेक गिरिजा मजेत आहे (का मजेत आहे ते पुढं येईलच). तुमचा खोकला कसा आहे? अक्काचा गुडघा एरंडाच्या तेलानं उतरला की अजून जिना चढताना माझ्या नावानं बोटं मोडते? तेल मी सुचवलं होतं, पण चोळायचं हळू, हेही मी लिहिलं होतं.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत, की सोलापुराहून पाठवलेलं उंची पेट्रोल कसं निघालं, आणि आपल्या साध्या मोटरीला ते घालण्यात काही अर्थ आहे का. दाजी, या प्रश्नाचं उत्तर लिहायला मी बऱ्याचदा बसलो आणि तसाच उठलो. अर्थ आहे असं लिहिलं की मन म्हणतं, कशावरून. अर्थ नाही असं लिहिलं की मन म्हणतं, मग त्या दिवशी गाडी पळाली कशी. म्हणून आता घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहितो. माझं डोकं चालेनासं झालं आहे, तुमचं चाललं तर बघा.

तुमचा लाल डबा ट्रकवाल्यानं सुखरूप पोचवला. करोडगिरीच्या नाक्यावर तिथल्या मुन्शीनं झाकण उघडून हुंगलं म्हणे, आणि डोळे मिटून म्हणाला, "क्या बात है." (अत्तर हुंगल्यासारखं. त्याला जकात घ्यायचंही भान राहिलं नाही.) सोबतची तुमची चिठ्ठी मी पेढीवर सगळ्यांना वाचून दाखवली: लढाई संपली, विमानं खाली उतरली, त्यांचं पेट्रोल उरलं, तेव्हा साध्या मोटरीत घालून बघ, हरणासारखी पळेल. आपली मोटर तुम्ही पाहिली आहेच. लातूरच्या डॉक्टरांनी म्हातारी झाली म्हणून काढून टाकली आणि मी घेतली ती. वर कापडी टप, बाजूला उभं राहायला पावठणी. कुपनावर मिळतं त्या पेट्रोलवर ती सपाटीला चालते, पण चढ लागला की इंजिनात कुणीतरी अडकित्त्यानं सुपाऱ्या कातरत बसल्यासारखा आवाज काढते.

डबा आला तसा सल्ला देणाऱ्यांचा बाजार भरला. मोटर अड्ड्यावरचा बिभीषण मिस्त्री आधी म्हणाला, "मालक, घोड्याला हरभरा चारला तर घोडा पळतो. बैलाला चारला तर बैल नुसता फुगतो. आपली गाडी बैल हाय." मी डबा परत पाठवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तोच येऊन म्हणाला, की आवाज येतो तो साध्या पेट्रोलाचाच असेल, उंची घालून बघा, पण मी सांगितलं म्हणू नका. मी डबा ठेवून घ्यायचं ठरवलं. तहसीलातले पेशकारसाहेब म्हणाले, उम्दा चीज है, पण इंजिन जाळून टाकील. मी पुन्हा डगमगलो. शेवटी इरम्मेला विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "समईत गोडं तेल घाला नाहीतर तूप घाला, उजेड तेवढाच पडतो." मग मी कुणालाच विचारायचं सोडलं आणि डबा मागच्या खोलीत ठेवला, एखाद्या मोठ्या कामाला उपयोगी पडेल म्हणून.

ते मोठं काम लगेच आलं. कळंबचे सिद्रामप्पा आडते आपल्या मुलाला, महांतप्पाला, घेऊन आपल्या गिरिजेला बघायला आले. घराणं चांगलं, धान्याची मोठी आडत, मुलगा शिकलेला, वागायला शांत. (इतका शांत की चुरमुऱ्यांचा सुशीला खाताना त्याला तिखट लागलं तरी त्यानं पाणी मागितलं नाही, डोळ्यांतून तेवढं आलं.) बघणं नीट पार पडलं. सिद्रामप्पा मात्र काही बोलेनात. शेंगाच्या पोळीवर तूप वाढायला गेलं की ते हात आडवा धरत आणि म्हणत, "साधं असू द्या." पाणी गार दिलं तरी, साधं असू द्या. लोड दिला तरी, साधं असू द्या. मला वाटलं, या माणसावर आपली काहीतरी छाप पडली पाहिजे. ते सर्व्हिस गाडीनं आले होते, जाताना तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन उस्मानाबादची गाडी धरणार होते. मी म्हणालो, तुळजापूरपर्यंत आपल्या मोटरीनं चला, आम्हालाही दर्शन होईल. बिभीषणाला निरोप धाडला, प्लग साफ कर आणि मागच्या खोलीतला डबा टाकीत ओत. आणि मी फेटा बांधायला आत गेलो.

तर निघालो. मी चालवायला, शेजारी सिद्रामप्पा, मागं इरम्मा आणि गिरिजा. बायकांशेजारी बसणं बरं दिसत नाही म्हणून महांतप्पा बाहेर पावठणीवर, टपाची काठी धरून उभा. आणि दाजी, गाडी अशी पळाली म्हणता. ना धक्का, ना ठसका. सिद्रामप्पांनाही कळलं. म्हणाले, "गाडी बरी पळतीया."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "पळणारच. आज तिच्या पोटात विमानाचं पेट्रोल हाय. सोलापूरच्या आमच्या दाजींनी खास धाडलंय."

एक ओढा येऊन गेला. मग त्यांनी विचारलं, "मोटर विमान हाय का?"

"न्हाय."

"उडती का?"

"न्हाय."

"मग तिला विमानाचं खाणं कशापायी?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "महालिंगप्पा, आमचं घर साधं हाय. साधी ज्वारी, साधं तेल. जिथं साध्या मोटरीचे इतके लाड, तिथं लेकीचे किती असतील? ती आमच्यात कशी निभंल?"

सोन्यासारखं स्थळ तुमच्या डब्यामुळं (तुम्हाला दोष देत नाही) हातचं जायला निघालं होतं. मी घाईनं म्हणालो, उंची म्हणजे अगदी थोडं, वासापुरतं. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मी म्हणालो, खरं सांगायचं तर तेवढंही नाही, सगळं कुपनाचं साधंच, मी आपली गंमत केली. आरशात मागं बघितलं तर गिरिजा माझ्याकडं टक लावून बघत होती आणि इरम्मा बाहेरची ज्वारी बघत होती.

सिद्रामप्पा खुलले. तुळजापूरच्या अलीकडचा चढ लागला. मी कान देऊन होतो, पण सुपारी कातरल्याचा आवाज काही येईना. गाडी मुकाट चढत राहिली. सिद्रामप्पांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बघा, साध्यावर कशी चढती. लोक उगा उंचीच्या मागं लागत्यात." मी व्हय व्हय म्हणत होतो आणि मनात तुमचे आभार मानत होतो. त्या वेळी मी पेट्रोलाच्या बाजूचा होतो की विरुद्ध, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि शेवटच्या वळणावर पुढच्या झाकणाखालून भसाभसा वाफ निघाली. पाणी उकळून गाडी जागच्या जागी थांबली. आम्ही उतरलो. महांतप्पा काही न विचारता गाडीतला पाण्याचा रिकामा डबा घेऊन खालच्या विहिरीवर गेला. सिद्रामप्पा रस्त्याकडेच्या दगडावर टेकले आणि म्हणाले, "लांबच्या चढाला जरा बरं पेट्रोल घालायचं हुतं. पाव्हणे न्यायचे म्हणल्यावर माणूस हात आखडत न्हाय."

दाजी, आता अशा माणसाशी कसं बोलायचं? मी म्हणालो, तसं बघितलं तर थोडं उंची आहेच.

"मगाशी तुम्ही साधं म्हणालात."

"म्हणालो खरं."

"त्याच्या आधी उंची म्हणाला हुतात."

"तेही म्हणालो."

त्यांनी माझ्याकडं बघायचं सोडलं. मोटरीच्या सावलीत आईजवळ उभ्या असलेल्या गिरिजेकडं वळून म्हणाले, "पोरी, तू सांग. तुझ्या बापानं कंचं पेट्रोल घातलंय?"

मी तिला डोळ्यानं खुणावलं. कशासाठी खुणावलं, साधं सांग म्हणून की उंची सांग म्हणून, ते माझं मलाच माहीत नव्हतं, मग तिला काय कळणार. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "विमानाचं. सोलापूरच्या मामांनी धाडलेलं. तुम्हाला आवडलं न्हाय म्हणून अप्पा भ्याले. एरवी ते खोटं बोलत न्हाईत. त्यांना जमतच न्हाय."

मी आपला उगाच चाकाला लाथ मारून हवा बघितली. तेवढ्यात महांतप्पा पाणी घेऊन वर आला, आणि गिरिजेनं आणखी एक विचारलं, अगदी सहज, "तुमच्याकडंबी मोटर हाय म्हणं. ती कशावर चालती?"

सिद्रामप्पा खाकरले. महांतप्पा हातातला डबा खाली ठेवून हसायला लागला. दिवसभरात त्याचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. म्हणाला, "चालत न्हाय. लढाईत कुपनं बंद झाली तवापासनं अंगणात उभी हाय. तिच्यात पेंडीची पोती ठिवल्यात."

"शेंगाची," सिद्रामप्पा म्हणाले.

"काय?"

"पेंडीची न्हाईत, शेंगाची हाईत. आता खरंच बोलायचं ठरलं तर नीट बोल." मग ते उठले आणि धोतर झटकून इरम्मेला म्हणाले, "वैनी, पोर कुणाला भीत न्हाय. आमच्या घरात सगळे मला भित्यात, मला खरं कुणी सांगत न्हाय. ही सांगंल. आमची पसंती धरा."

गाडी निवल्यावर पाणी घातलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती वळणाच्या वर ढकलली. सिद्रामप्पांनीसुद्धा खांदा लावला. देवळात नारळ फुटला, पेढे वाटले, पाहुणे उस्मानाबादच्या गाडीत बसले. परत येताना इरम्मेनं गिरिजेला विचारलं, मुलगा मनाला आला का. ती म्हणाली, "तो हसला ना, ते आधी बापाकडं बघून न्हाय हसला." एवढंच. मी एवढ्यावरून काय समजायचं म्हणून इरम्मेकडं बघितलं, तर ती म्हणाली, तुम्ही पुढं बघून गाडी चालवा.

तर दाजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आवाज गेला, हे पेट्रोलाच्या बाजूनं. गाडी तरीही उकळली, हे विरुद्ध. पण प्लगही साफ केले होते, ते कुणाच्या बाजूनं धरायचे? लेकीचं लग्न ठरलं ते पेट्रोलामुळं ठरलं की पेट्रोल असूनही, हेही मला उलगडत नाही. चैत्रात मुहूर्त धरायचा म्हणतात. तुम्ही आणि अक्का आठ दिवस आधीच या. मांडव तुम्ही आल्याशिवाय पुरा होणार नाही. लहानांना आशीर्वाद, थोरांना शरणार्थ, आणि काही कमी-जास्त लिहिलं असेल तर ते पोटात घालावं.

आपला,
महालिंगप्पा

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. तुळजापुरात गाडीत बसता बसता सिद्रामप्पांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, त्या विमानाच्या पेट्रोलाचा एखादा डबा मिळंल का. शेंगाची पोती काढून नवरदेव आपल्याच मोटरीतून आणायचा त्यांचा विचार आहे. मोटर बरीच वर्षं उभी आहे, साध्यावर उठायची नाही म्हणतात. मुलाला सांगू नका म्हणाले.

ता. क. दुसरी. हे पत्र मी आत्ताच इरम्मेला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकून उठली, मागच्या खोलीत गेली आणि कडब्याच्या पेंढ्यांमागून तुमचा लाल डबा काढून माझ्यापुढं ठेवला. भरलेला. झाकण नाक्यावरच्या मुन्शीनं लावलं होतं तसंच. म्हणते, विमानाचं पेट्रोल घालून गाडी पेटली असती तर? लेक आत बसणार होती. म्हणून तिनं बिभीषणाला कुपनाचा डबा दिला, आणि मालकिणीनं दिला म्हणून त्यानं तो ओतला. म्हणजे मी उंची म्हणालो ते खोटं, साधं म्हणालो ते खरं, आणि गिरिजेनं सगळ्यांसमोर बेधडक खरं सांगितलं ते खोटं. मी म्हणालो, अगं, तू मागं बसून सगळं ऐकत होतीस. तर म्हणते, "जुळत आलं हुतं. मधी कशाला बोलू?"

ता. क. तिसरी, आणि पत्र खरं यासाठीच आहे असं समजा. हे अक्काला कळू देऊ नका. अक्काला कळलं की ती गिरिजेला कळवणार, आणि गिरिजा त्याच दिवशी कळंबला पत्र टाकून खरं काय ते सांगणार. मग व्याही म्हणतील, आधी उंची, मग थोडं उंची, मग साधं, मग पुन्हा उंची, आता परत साधं. ज्याला आपल्या टाकीतलं ठरवता येत नाही त्याच्याशी सोयरीक कशी करायची? आणि हा भरलेला डबा त्यांना धाडू की नको, तेवढं मात्र लगेच कळवा.

टपालाचा माणूस दारात उभा आहे, दुसरं लिहायला वेळ नाही, आणि आत्ता आठवलं की दाजींचा चष्मा फुटल्यापासून त्यांची पत्रं अक्काच मोठ्यानं वाचून दाखवते. अक्का, वाचलंस ते वाचलंस. अक्षता पडेपर्यंत पोटात ठेव, मग गिरिजेला मीच सांगतो. आणि दाजींना एवढं विचार, की साध्या मोटरीला ते पेट्रोल घालण्यात काही अर्थ आहे का. इथं कुणी घालून बघितलेलं नाही.