बाथरूमची कडी

लेखिकाबाई,

हे पत्र मी पाठवणार नाही, तेव्हा स्पष्टच लिहिते.

तुमच्या कादंबरीतली सोळा वर्षांची मुलगी आजारी आईचं सगळं करते आणि बाथरूमला आतून कडी लावून रडते. सोळाची मीही आहे, पण आमच्या बाथरूमला कडीच नाही. आई आत पडली तर दार फोडावं लागू नये, म्हणून मीच ती काढली. मग मी रडायचं कुठे?

आईचे हात थरथरतात, म्हणून पुस्तक मी तिला वाचून दाखवत होते. शेवटच्या प्रकरणात तुम्ही आईला मारलंत आणि मुलीला परगावी कॉलेजला धाडलंत. बरी सोय केलीत! मी ते मोठ्याने वाचलंच नाही. पानावर डोळे ठेवून मनाचंच ठोकून दिलं: आई बरी होते, मुलगी घरीच राहते, संपलं पुस्तक.

आईने माझ्या हातातल्या न उलटलेल्या पानांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला वाचवलंस, छान केलंस. पण त्या पोरीला कॉलेजला का नाही गं पाठवलंस?"

दूध उतू जाईल म्हणत मी उठले. गॅस बंदच होता.

तुमची,
कडी नसलेल्या घरातली वाचक