थंड इंजिन

३ फेब्रुवारी

शेवटी नेलंच यांना यार्डात! जुना डोझर बघायला. छोटासाच, चेनवर चालणारा. रंग उडालेला, सीट फाटकी — पण यांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. जन्मभर दुसऱ्यांची मशीनं चालवली. आपलं एक असावं, घरामागचा उंचसखल तुकडा आपल्या हातानं सपाट करावा, एवढंच मागणं. आणि आता सवड मिळाली तर डोकं साथ सोडतंय. काल शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावत उभे होते.

तिथं मात्र सगळं आठवत होतं. आधी इंजिनावर तळहात. 'गरम लागलं तर समजायचं, मालकानं आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलंय. म्हणजे थंड असताना कुरकुर करतंय. थंड असेल तर माणूस खरा.' शंभरदा ऐकलंय मी हे! थंडच होतं. मग वाकून चेन बघितली, पातं बघितलं, तेल गळतंय का बघितलं. आणि शेवटी नेहमीचं — 'घरी विचारून सांगतो.'

यार्डवाला हसला. 'अहो, घर तर शेजारीच उभंय!' हेही हसले. कामावर सगळे चिडवायचे, बायकोच्या मुठीतला म्हणून. यांना कधी राग आला नाही.

५ फेब्रुवारी

'अगं, एक मशीन बघून येऊ या का?' — तेच मशीन. नेलं. तसाच हात, तसंच वाकणं. मी यार्डवाल्याला डोळ्यांनी खुणावलं. भला माणूस. पहिल्यांदाच भेटल्यासारखा बोलला.

९ फेब्रुवारी

लेक फोनवर कडाडली. 'आई, डोकं फिरलंय का तुझं? पांढरा हत्ती आणून दारात बांधणार?'

बरोबरच आहे तिचं. पण तिनं यांना यार्डात बघितलेलं नाही. घरी हे भिंतीकडे बघत बसतात. तिथं माझा नवरा असतो. मला तो हवाय, अजून थोडे दिवस तरी.

१५ फेब्रुवारी

आज चालवून बघितला. काय हात! मातीचा ढीग असा पसरला की कुठं उंचवटा नाही, खड्डा नाही. यार्डातला मेकॅनिक तोंडात बोट घालून बघत राहिला. हे वरून ओरडले, 'डोळ्यांचं काम नाही रे, चढउतार बुडाला कळतो!' सगळे हसलो.

आणि मग — मशीन कुंपणाकडे चाललेलं, आणि यांनी लिव्हरवरचे हात काढून मांडीवर ठेवले. नुसते बसून राहिले! मेकॅनिकनं वर उडी मारून बंद केलं. कुंपणाचा खांब आडवा झाला. खाली उतरून मलाच विचारतात, 'कोण चालवत होतं गं?'

घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१६ फेब्रुवारी

दूध उतू गेलं. लक्ष कुठंय माझं.

२२ फेब्रुवारी

घेतला. यार्डवाल्याला म्हटलं, बॅटरी काढून तुमच्याकडेच ठेवा. तो म्हणाला, 'वहिनी, मग घेता कशाला?'

'बसायला,' म्हटलं. दुसरं काय सांगणार?

१० मार्च

घरामागे उभा आहे. रोज सकाळी हे जातात, इंजिनावर तळहात ठेवतात. 'थंड आहे. माणूस खरा दिसतो. काय गं, घ्यायचा का?' मी म्हणते, घेऊ या की! मग वर चढून लिव्हर हलवत बसतात, खुशीत. रोज नव्यानं खरेदी.

बॅटरीच नाही, थंड नसेल तर काय! फसवतेय मीच, आणि खरेपणाची शाबासकीही मलाच. वाईट वाटतं. तरी उद्या पुन्हा तेच करणार.

लेक येऊन गेली. बराच वेळ खिडकीतून बघत उभी होती. जाताना फाटकी सीट शिवून गेली.

२७ मार्च

आज मला नावानं हाक मारली. दोनदा!

११ एप्रिल

सकाळी इंजिनावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. 'बाई, मशीन चांगलं आहे तुमचं. पण मी घरी विचारून सांगतो. बायकोला विचारल्याशिवाय मी काही घेत नाही.'

मी म्हटलं, 'विचारून या. मी थांबते.'