तपासले, शिक्षेस योग्य

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. आईने ते शेजारच्या काकूंना दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा निघाली तेव्हा मी अडवलं. मी सध्या घरीच असतो. त्याचं कारण आईने तुला गुडघे सांगितलंय, पण गुडघे ठणठणीत आहेत. माझ्यावर चौकशी बसली आहे, आणि ती संपेपर्यंत तुरुंगाच्या दवाखान्यात पाऊल टाकायला मला मनाई आहे.

कैद्याला एकान्त कोठडीत टाकण्याआधी डॉक्टरने त्याला तपासून सही करायची, असा आमच्याकडे नियम. वर्षानुवर्षं तेच ते लिहून कंटाळलो आणि एक शिक्काच करून घेतला: तपासले, शिक्षेस योग्य. एरवी आधी तपासायचो, मग शिक्का. त्या दिवशी जो समोर आला, त्याने एका लहान मुलीचा जीव घेतला होता. तिचा फोटो मी पेपरात पाहिला होता. कंपाउंडर म्हणाला, साहेब, अंग तापलंय त्याचं, छाती बघा जरा. मी मान वर न करता शिक्का मारला. तिसऱ्या दिवशी तो कोठडीत न्यूमोनियाने गेला.

मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही, खोटं कशाला बोलू? पण छातीला नळी लावायला दया लागत नाही गं. न्यायाधीशाने त्याला जन्मठेप दिली होती. मरण मी पदरचं घातलं. आणि रोगी बरा की वाईट हे आपण बघायचं नसतं, हे तुला कोणी शिकवलं? मीच, मोठ्या तोऱ्यात.

जेलरसाहेब म्हणतात, कंपाउंडरने ताप सांगितलाच नाही असं लिहून द्या, प्रकरण मिटेल. म्हणजे त्याची नोकरी जाईल आणि माझी राहील. त्याला यातलं काही ठाऊक नाही. परवा घरी आला आणि उलट मलाच धीर देऊन गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मी खरं तेच लिहून देणार आहे. डॉक्टरकीचा परवाना जाईल, कदाचित खटलाही होईल, आणि व्हायलाच हवा. तू धावत येऊन माझ्यासाठी रदबदली करू नकोस. फक्त एक कर. नव्या दवाखान्याच्या पाटीवर तुझ्या नावाच्या वर माझं नाव घालणार आहेस, असं तू लिहिलंस. ते वाचून मी दिवसभर घरात मिरवलो. रंगाऱ्याला सांग, ते नाव घालू नकोस. पाटी रंगवून व्हायच्या आत तुला कळावं, म्हणून हे लिहिलं. रागाव हवं तर, पण उत्तर धाड.

तुझाच,
बाबा