छतावरची टिटवी

९ जून
प्रशांतनं परस्पर वेल्डर ठरवला. रविवारी माप, मग छतावरची माती काढायची, टीनचं शेड ठोकायचं. घर माझं, छत माझं, आणि मला कळतं कोणाकडून, तर शेजारच्या साहूबाईकडून! पोटचा मुलगा. संतापानं ताट सरकवलं.

१० जून
विचारलंच. म्हणे, "आई, पूर्ण कॅम्प वस्तीमधी सगळ्यांनी शेड टाकले. अपनीच छत जंगल दिसून राहिली."
जंगल! खाली वीटचुरा, वर वीतभर माती. घोळीची भाजी, पोईचा वेल, दुर्वा. स्टील प्लांटची धूळ त्या पानांवर बसते, तेवढी तरी नाकात जात नाही. त्या मातीच्या गारव्यानं खालच्या खोलीत हाच मे महिन्यात कूलर बंद करून घोरतो. ते नाही दिसत.
आणि कडेच्या वीटचुऱ्यात टिटवीची अंडी. चार. मी वर जाते ती डोक्यावर घमेलं धरून, नाहीतर झेप घालते. घालू दे. तिचं बरोबर आहे.

१२ जून
साहूबाई आली. "दीदी, टिटहरी छत पे अंडा दे तो बाढ़ आती है. हटवा दो."
म्हटलं, बाढ़ का इतना डर है, तो आंगन सिमेंट करके रोड से ऊंचा क्यों किया? गल्लीत प्रत्येकानं हेच केलंय. आपलं उंच करा, पाणी दुसऱ्याच्या दारात. चहा मात्र पूर्ण प्याली.

१४ जून, रवि.
वेल्डर माप घ्यायला वर गेला. टिटवी अशी अंगावर आली की टेप तिथंच टाकून पळाला. खूप हसले. प्रशांत चिडला. "बुधवारी बोलावतो परत. अंडे कुठीतरी उचलून ठेवू."
कुठं, डब्यात? फ्रीजमध्ये? माझाच ना हा...

१६ जून
काल दिवसभर धो धो. गल्लीत गुडघाभर पाणी, उंच अंगणामागं खाली राहिलेल्या साहूबाईच्या घरात शिरलं. आमच्या छतावरच्या मातीनं आधी स्वतः पिऊन घेतलं, मग पाइपातून बारीक धार, रात्रीपर्यंत. आणि ही बाई पाण्यात उभी राहून माझ्याकडे बोट करते, "देखा, टिटहरी ने पानी लाया!"
चोर सोडून संन्याशाला फाशी. तरी तिच्या सुनेला, नातवाला वर आमच्या घरात बोलावलं, भात टाकला. वाढताना भांडी आपटलीच. सुनेलाही राग कळला असेल.

१७ जून, बुध.
वेल्डर आला नाही. प्रशांतनं थांबवला की पावसानं, कोण जाणे. मी विचारणार नाही. अजून रागच आहे.
संध्याकाळी प्रशांत छताच्या दारात बराच वेळ उभा. खाली आला, म्हणाला, "आई, अंडे फुटायले अजून किती दिवस लागन?"
पिलांसाठी विचारलं की वेल्डरसाठी, तोंडावरून कळेना.
"तिले लागन तितके," म्हटलं.
तो फोन घेऊन बाहेर गेला. "अभी मत आना भैया, अंडे हैं," एवढंच ऐकू आलं.