एका चमच्याने काय होतंय

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हणजे दादाने ओढत नेलं. पाऊण तास बसवून ठेवलं. तिथे काचेच्या टाकीत एक मासा होता, तोही आजारीच दिसत होता. ज्यांना स्वतःचा मासा सांभाळता येत नाही, त्या माझं पोट सांभाळणार.

निकाल: लॅक्टोज इनटॉलरन्स. म्हणजे दूध पचत नाही. दूध, लोणी, चीज, आइस्क्रीम सगळं बंद. पचवायची गोळी असते म्हणे, पण औषधवाला म्हणाला मागवावी लागेल, महिना जाईल.

बाईंनी विचारलं काम काय करतेस. मी नखं बघत बसले. दादाच बोलला, आइस्क्रीमच्या कारखान्यात आहे. बाई हसल्या. खोकल्यासारखं केलं, पण हसल्याच.

ठरलं. उद्यापासून दुधाचा थेंब नाही. माझा निश्चय म्हणजे दगडावरची रेघ. फ्रीजमधला आइस्क्रीमचा अर्धा डबा आजच संपवला. उद्यापासून तो ठेवून तरी काय करायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ७

आईने रोजच्यासारखा दुधाचा ग्लास समोर ठेवला. स्टीलचा, गळ्यापर्यंत भरलेला. दूध पिणाऱ्या पोरांचं डोकं चालतं, हे ती मी चार वर्षांची असल्यापासून सांगतेय. मी नको म्हणाले तर म्हणे, कालची डॉक्टरीण मला शिकवणार, इतकी वर्षं पितेस, मेलीस का. मी ग्लास एका बोटाने लांब सरकवला. राणीच्या थाटात.

संध्याकाळी ५

कारखान्यात एकूण सात माणसं, त्यात अक्कल असलेली एक. मी. डबे धुते, भरलेल्या डब्यांना झाकणं लावते. मला मुकी म्हणतात. तिथे बोलण्याच्या लायकीचं कोणी नाही म्हणून मी बोलत नाही, एवढं साधं त्यांना आठ महिन्यांत कळलेलं नाही. फारच काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहिते आणि झाकणावर चिकटवते. मागच्या आठवड्यात लिहिली, व्हॅनिलात साखर कमी, मीठ जास्त. सही नाही केली. पण खरंच होतं तसं. माझ्या जिभेला कळतं. शाळेत जिभेला मार्क नव्हते. म्हणून नववीत सोडली शाळा. माझ्या लायकीची नव्हती.

आज नवीन चॉकलेटचा फक्त एक चमचा घेतला. हे खाण्यात धरत नाहीत, हे काम आहे. एका चमच्याने काय होतंय.

५.४०

पोट गुरगुरतंय. भूक असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाने बदामाचं दूध आणलं. बदामाला आचळं कुठे असतात ते विचारलं, तर म्हणाला नाटकं करू नकोस, महाग आहे, पी. प्यायले. पुठ्ठा भिजवून पिळला की जे पाणी निघेल ते. मग सोयाचं. ते त्याच पुठ्ठ्याचं, फक्त पावसात राहिलेल्या.

दादाला आता लेबलं वाचायचा नाद लागलाय. बिस्किटात दूध. ब्रेडमध्ये दूध. सूपच्या पाकिटातसुद्धा दुधाची पावडर. प्रत्येक वेळी असा ओरडतो, जसा काही चोर पकडला. कोरा चहा तेवढा उरला. तो म्हणजे गरम पाण्याला कोणीतरी बोललेले वाईट शब्द.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मालकाबद्दल लिहून ठेवते, कोणाला तरी लिहायला हवंच. रोज अकराला येतो. पांढरा कोट. प्रत्येक मिश्रणाचा एक चमचा तोंडात घेतो, डोळे मिटतो, गाल फुगवून इकडचं तिकडे करतो, आणि मग वळून टमरेलात थुंकतो. पितळेचं, झाकणाचं टमरेल. सगळीकडे ते घेऊन फिरतो, जेवताना पण शेजारी. दात किडलेले असणार, नाहीतर मन. माणसं पहाटेपासून राबून मिश्रण घोटतात आणि हा त्यांच्या तोंडावर थुंकतो.

मी घेतलेला प्रत्येक चमचा गिळते. याला संस्कार म्हणतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठी बातमी. चवीच्या खोलीत बसून माल चाखणारे काका महिनाअखेरीस लेकीकडे राहायला जाणार. त्यांची जागा रिकामी.

चवीच्या खोलीला दार आहे. आतून बंद होतं. एक स्टूल, एक खिडकी, बरण्या आणि एकच माणूस. कोणी मुके म्हणून हाक मारायला नाही, कोणी मागून येऊन मानेवर बर्फ ठेवायला नाही. मला ती खोली पाहिजे. आजवर मला काहीच पाहिजे वाटलेलं नाही, पण ही पाहिजे.

मालक म्हणाला, पुढच्या शनिवारी दहा कप ठेवीन, प्रत्येकात काहीतरी चुकवलेलं असेल, काय चुकलं ते ज्याला ओळखता येईल त्याची खोली. लिहून दिलं तरी चालेल, असं माझ्याकडे बघून म्हणाला. माझ्याकडेच का, कळलं नाही.

माझ्यासमोर फक्त मालकाचा भाचा. त्याच्या केसांना इतकं जेल असतं की माशी बसली तर अडकेल. जीभ म्हणाल तर पायपुसणं. गेल्या महिन्यात साबणाच्या पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि लिंबू छान लागलंय म्हणाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

सराव तर करावाच लागणार. डॉक्टरीणबाईंनी दूध नको सांगितलं, पण गोठलेल्या दुधाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी विचार केला. गोठलेलं दूध म्हणजे झोपलेलं दूध. झोपलेल्याने त्रास द्यायचा प्रश्नच येत नाही. एवढं शिकून त्यांना हे सुचू नये.

अकरा चमचे.

दुपारी ३.२०

जागं झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यातल्या संडासाबद्दल. डबे बंद करायच्या टेबलाला लागून आहे. मध्ये पत्रा. कडीच्या जागी सुतळी. आतला शिंकला तरी बाहेरचे बरं का रे म्हणतात. आठ महिन्यांत मी तिथे पाऊल टाकलेलं नाही, टाकणारही नाही. घर चालत बारा मिनिटांवर आहे. पळत सहा. आज पाच.

जाताना काहीतरी सांगावं लागतं म्हणून चिठ्ठी लिहिली, आईला अचानक बरं नाही. या आठवड्यातली पहिलीच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईला अचानक बरं नाही, तिसऱ्यांदा. मालकाने माझ्या हातात सफरचंदांची पिशवी दिली, आईला दे म्हणाला, आणि एकदा येऊन बघून जातो म्हणाला. मी मान हलवली. मोठी माणसं म्हणतात येतो, येत कोण नाही. सफरचंदं आईने खाल्ली. तब्येत ठणठणीत. विचारलं कशाबद्दल दिली, तर मी म्हणाले कामावर खूश आहेत.

पथ्य कडक चालू आहे. घरी दुधाचा थेंब नाही. कारखान्यातलं कारखान्यात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाचा म्हणाला, मुके, उद्या चिठ्ठीत काय लिहिणार, आई आजारी? सगळे हसले. मी त्याला चांगलंच सुनावलं. मनात. इतकं लागट बोलले की मलाच त्याची दया आली.

उद्यासाठी ठराव: सकाळी काही खायचं नाही, पाणी कमी, दीर्घ श्वास. माझ्या पोटाची मालकीण मी आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

दहा कप. पहिला, साखर कमी. दुसरा, कोकोची पूड जुनी. तिसरा, मीठच नाही. भराभर लिहीत गेले. शेजारी भाचा प्रत्येक कपाला छान छान म्हणत होता, जणू लग्नातली पंगत. एकेक कप दोनदा चाखला, खात्री करून. सगळं गिळलं. मालक समोर उभा, हातात टमरेल, ते एकदा उगीचच माझ्याकडे पुढे केलं. मी मान फिरवली. शी.

सातव्या कपाला पोटात कोणीतरी लाकडी कपाट सरकवलं. आठव्याला सगळं सामान. नववा लिहिला, व्हॅनिला नकली. दहावा उचलला आणि खाली ठेवला.

सहा मिनिटं नव्हती माझ्याकडे. अर्धं पण नव्हतं.

पत्रा. सुतळी. मी आत असताना मशीनवाल्याने मिश्रण घोटायचं मशीन बंद केलं. एरवी हा माणूस दिवसभर मशीन बंद करत नाही, बोंबलून सांगितलं तरी करत नाही. आज केलं. बाहेर एकदम शांत. मग भाच्याचा आवाज, मुकी बोलली रे.

मागच्या दाराने घरी आले. चप्पल तिथेच राहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की ते काम माझ्या लायकीचं नव्हतंच. थंडी, ओल, अडाणी माणसं. सोडलं. चप्पल पण जुनी होती.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, शाळेच्या वेळी पण शब्द न् शब्द हाच होता. मग जेवता जेवता मध्येच थांबला. म्हणाला, तोंडी परीक्षेच्या दिवशी तू वर्गातून पळून आलीस, परत गेली नाहीस, तेव्हा पण पोटच ना? रोज पहिल्या तासाला पोट वाजायचं म्हणून पोरं बेंच वाजवायची, ती तूच ना? म्हणजे तू शाळा सोडलीस ती दुधापायी?

काहीही बोलतो. मी शाळा सोडली कारण ती माझ्या लायकीची नव्हती. हे मी याच वहीत दोनदा लिहिलंय.

आई उठली, माझा स्टीलचा ग्लास घासला. आधीच घासलेला होता. परत घासला, आणि वरच्या फळीवर पार मागे पालथा घातला. मग मला म्हणाली, भात घे अजून. मी नको म्हणाले तरी वाढला. तिचे डोळे कांद्याने लाल झाले होते. आज कांदा नव्हता भाजीत, पण कालचा असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मालक आला. खरंच आला. एका हातात सफरचंदं, दुसऱ्या हातात माझी चप्पल, कागदात गुंडाळलेली. दार आईनेच उघडलं, डोक्यावर गादी होती, उन्हात टाकायला चालली होती. मालकाने विचारलं, आता बरं आहे का. आई म्हणाली, मला काय धाड भरलीय.

त्यानंतरचं सगळं मी स्वयंपाकघराच्या दारामागून ऐकलं. आईने एकूण एक सांगितलं, डॉक्टरीण, ग्लास, शाळा, सगळं. आपल्या आईला पोटात काही ठेवता येत नाही. माझ्यासारखंच, फक्त वरच्या बाजूने.

मालक खूप वेळ हसला. मग म्हणाला, नऊपैकी नऊ बरोबर आहेत. भाच्याचा एक, तोही चुकून. चिठ्ठ्या कोण लिहितं ते मला पहिल्या दिवसापासून माहितीये, कारखान्यात कमी आणि जास्त दोन्ही नीट लिहिणारं दुसरं आहे कोण. आणि मग दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, मला पण दूध पचत नाही गं. वीस वर्षांत एक चमचा गिळलेला नाही. चव घेणारा गिळत नाही, थुंकतो, ते टमरेल तुला कशासाठी वाटलं?

मी दारामागे उभी राहून या प्रश्नाचा विचार केला. 

आठ महिने. चमचे मोजले नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी २

खोली माझी. दार, स्टूल, खिडकी. मालकाने नवीन टमरेल दिलं, पितळेचं, झाकणाचं. आजपासून नवीन आयुष्य. चव घ्यायची, थुंकायची. शेंबड्या पोराला जमतं ते मला न जमायला काय झालं.

फक्त पहिल्या दिवशी मालक शिकवायला आत आला. त्याच्यामागे मशीनवाला, त्याच्यामागे भाचा, दारात गर्दी. मी पहिला चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले. इकडचं तिकडे केलं. सगळं बरोबर. मग टमरेल उचललं आणि बघितलं तर सहा जण माझ्या तोंडाकडे बघत होते.

माणसांसमोर थुंकायचं. मी.

तसंच धरून ठेवलं तोंडात. ते वितळलं, कोमट झालं. मालक म्हणाला, बोल, कसं आहे. चिठ्ठ्या बाहेर टेबलावर राहिल्या होत्या. सगळे वाट बघत होते, भाच्याने ऐकायला म्हणून कानामागे हात धरला होता. म्हणून गिळलं आणि म्हणाले, वेलची जुनी आहे, बरणीचं झाकण नीट लावत नाही कोणी.

 मशीनवाला हळूच म्हणाला, आईशप्पथ, आवाज आहे हिला. भाच्याने कानाचा हात काढला, कारण बरण्यांची झाकणं तोच लावतो. मालक म्हणाला, थुंकून बोल गं बाई, थुंकून.

सहा बरण्या होत्या. सहा वेळा विचारलं. सहा वेळा बोलले.

उद्यापासून नक्की थुंकणार. दगडावरची रेघ. आज पहिला दिवस होता, आणि एकेका चमच्याने काय होतंय.

दुपारी ३.१०

होतं.