देवघरातलं हसू

आबा,

आज माझ्या घरी नायट्रोजनची टाकी आली. टाकी, मोजपट्टी, टाकीतल्या गारव्यात गोठवून ठेवायच्या वळूच्या वीर्याच्या नळ्या. वसमतहून आणायला रिक्षाचे दोनशे पडले, बाकी खर्च सुनेच्या नव्या नोकरीतून. तुमच्यासारखीच ती आता गावोगाव गाई भरवायला जाणार. टाकी ओसरीवर ठेवलीय. झाकण काढलं की पांढरा धूर निघतो, वर जात नाही, खाली उतरून फरशीवर सरपटतो आणि दिसेनासा होतो. मी पाय उंबऱ्याच्या आत ओढून घेतले.

तेव्हा मी दहावीत होते, नवरात्र होतं. गुरांच्या दवाखान्याचं छप्पर गळत होतं म्हणून तुम्ही तिथली अशीच टाकी सायकलला बांधून घरी आणलीत. वाटेत पडून तिला पोचा आला होता. एवढ्याशा पोच्यानं काय होतंय म्हणालात. देवघर सगळ्यात थंड, म्हणून घटाशेजारी ठेवलीत. अखंड दिव्याला वारा लागू नये म्हणून आईनं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. सकाळी टाकीला बाहेरून पांढरं दव धरलं होतं. आईनं तिलाही हळदकुंकू लावलं.

दुपारी दिवा विझला. देवी कोपली, आई म्हणाली. तुम्ही काडेपेटी घेऊन आत गेलात आणि वारा येऊ नये म्हणून दार लावून घेतलंत. मी बाहेर दाराला कान लावून उभी आहे. काडी ओढल्याचा आवाज येतो. परत काडी. आई विचारते, "लागला का वो?"

"लागून राहिला," तुम्ही म्हणता, आणि हसता. तसं हसताना तुम्हाला मी कधी ऐकलं नव्हतं. लेकरू झोपेत हसतं, तसं. आई म्हणाली, देवी प्रसन्न झाली. मग आतून आवाज येईना, तर ध्यान लागलं असेल म्हणून आम्ही थांबलो.

दार मीच उघडलं. पायांवरून काहीतरी गार सरकत अंगणाकडे गेलं. तुम्ही भिंतीला टेकून बसलेले, श्वास थांबलेला, हातात अर्धवट जळलेली काडी, तोंडावर ते हसू तसंच. गावातल्या बाया पाया पडायला आल्या. देवीनं मांडीवर घेतलं, असं आई मरेपर्यंत सांगत राहिली. मीही तेच धरून संसार केला, दर नवरात्रात त्या हसण्याला हात जोडले.

आज सुनेला हे सगळं सांगितलं. हातमोजे घालता घालता ती थांबली. "आत्याबाई, दिवा विझला तोच इशारा होता. तवाच दार उघडून बाहेर पडायचं असतं. पोचा पडला की टाकी आतल्या आत उकळते, त्याचा वायू सातशेपट पसरतो आन बंद खोलीतला प्राणवायू हाकलतो. वास न्हाई, रंग न्हाई. गुदमरल्यासारखं बी होत न्हाई. उलट माणसाला बरं वाटतं, हसू येतं. तकलीफ कळायच्या आत शुद्ध जाते."

तकलीफ झाली नाही, हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. एवढी वर्षं मी कशाच्या पाया पडले, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

यंदा घट बसवला तो दार-खिडकी सताड उघडी ठेवून. वाऱ्यानं दिवा विझला तर विझू दे, पोटात घाल, असं देवीला सांगितलं. पण ते हसू तिचं होतं का टाकीचं, हे तिला विचारवलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. हे पत्र मी टाकणार नाही आबा, आणि खरं उत्तर मला नकोच आहे. आत तुम्हाला देवी दिसली होती, तेवढं उलट टपाली कळवा.